डोळा सुटलेले मासे

७ ऑक्टोबर, सोमवार

पाहुणे एकवीस तारखेला येणार. साधे नाहीत, जगाचे पाहुणे! मॅडमनी सकाळीच भिंतीवर भलामोठा कागद चिकटवला. सतरा चौकोन, सतरा रंग. गरिबी नको, भूक नको, आजार नको, शिक्षण हवं, बायकांना बरोबरीचा मान हवा, पाणी स्वच्छ हवं — असं करत करत पार समुद्रातल्या माशांपर्यंत गेलेत. सगळ्या देशांनी बसून ठरवलंय म्हणे. मी म्हटलं, ठरवायला काय जातं? आमच्या संडासाची कडी उन्हाळ्यापासून तुटलीय, तिचा चौकोन कुठला? मॅडम म्हणाल्या, सहावा. म्हणजे आहे खरंच!

आपण इथे बायकांसाठी जे करतो त्यातून यातलं काय काय साधतं, ते पाहुण्यांना दाखवायचं, म्हणजे निधी मिळतो. निवारा, सल्ला, पाळणाघर, वाचनवर्ग, शिवण. मी चौथ्या चौकोनात. शिक्षण. साठी उलटल्यावर अक्षर गिरवणारी म्हातारी म्हणून मला उभी करणार. ही वहीसुद्धा वर्गातल्या ताईनेच दिली — आजी, रोज चार ओळी लिहा, हात वळेल. हात कुठला वळतोय. जीभच कागदावर उतरली.

माझं खरं काम बाराव्या चौकोनात आहे. काही वाया घालवायचं नाही, हा तो चौकोन. जुन्या कापडाच्या पिशव्या. मी कापते, बाकीच्या शिवतात, दर सोमवारी हातगाडीवरून बाजारात जातात. दुकानदार प्लॅस्टिकऐवजी त्या ठेवतात. आणि प्रत्येक पिशवीच्या आत, तळाच्या शिवणीत, आमचा फोन नंबर दोऱ्याने शिवलेला असतो. वरून दिसत नाही. पिशवी उलटी करून झटकली तरच दिसतो. आता घरात पिशवी कोण झटकतं? पुरुष? मी तरी आजवर पाहिला नाही.

बाहेर पाटी शिवणवर्गाची आहे. मागच्या खोल्यांत कोण राहतं ते बाजाराला ठाऊक नाही. ठाऊक असूही नये.

८ ऑक्टोबर, मंगळवार

खिळा वाकवून संडासाला कडी केली. सहावा चौकोन पुरा.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज अक्षर वाकडं येणार. येऊ दे.

मागच्या खोलीत एक जण आहे, तिला मी कुलूप म्हणते. आली तेव्हा आठवडाभर तोंड उघडलं नव्हतं. सोबत पोरगी, पाच-सहा वर्षांची. ती दिवसभर बटणांच्या डब्यात हात घालून बसते म्हणून तिचं नाव बटण. दोघी आल्या तेव्हा सामान एका चादरीत बांधलेलं होतं. गाठोडं सोडलं, आणि कुलूपने चादर कोपऱ्यात फेकली. नको मला ती, जाळून टाका, एवढंच बोलली. चादरीवर डाग होता. कसला ते विचारावं लागत नाही. मीठ आणि थंड पाणी, दोन रात्री भिजवली, गेला.

कापड काय होतं! जाड, घट्ट विणीचं, पांढऱ्यावर निळे मासे. फक्त छापताना कुठेतरी गडबड झालेली — मासा इकडे आणि त्याचा डोळा तिकडे, शेपटीपलीकडे एकटाच पोहतोय. मला हसू आलं. असलं कापड जाळायचं? माझ्याने झालं नाही. नऊ पिशव्या निघाल्या.

आज कुलूप पहिल्यांदाच यंत्रावर शिवायला बसली. माझ्या टेबलाखालच्या चिंध्यांत तिला निळी पट्टी दिसली. हातात घेतली आणि अशी बघायला लागली, जणू तो मासा चावणार आहे.

"हे कुठलं?"

मी म्हटलं, तुझीच चादर ती, पिशव्या केल्या, काल-परवा बाजारात गेल्यासुद्धा. अभिमानाने सांगितलं, गाढवासारखं.

मग ती बोलली. महिन्याभराचं सगळं एकदम. सासू कापड छापायच्या कारखान्यात होती. छपाई बिघडलेला तागा कामगारांना मिळायचा, तसा हा तिला मिळाला. तेवढाच बिघडला होता, मालकाने साचाच बदलला. म्हणजे डोळा सुटलेले मासे जगात त्या एका घरात होते. पलंगावर, खिडकीला, सगळीकडे तेच. आणि तिचा नवरा टेम्पो चालवतो. थंड पेयांचे खोके टाकतो दुकानोदुकानी. दर शनिवारी आपल्या बाजारातसुद्धा.

पिशव्या कुठून येतात ते बाजारात शेंबडं पोरही सांगेल.

१० ऑक्टोबर, गुरुवार

मॅडमना सांगितलं. मागच्या खोल्यांतलं कापड बाहेर जायचं नाही, हा इथला नियम. नव्या आलेल्या प्रत्येकीला तो मीच सांगते, बोट नाचवून. आता ते बोट कुठे लपवू?

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खुर्चीत बसल्या. मग लगेच फोन लावायला घेतले. दुसऱ्या गावच्या निवाऱ्यात जागा नाही, महिनाअखेरीला होईल. तोवर कुलूप आणि बटण मागच्या अंगणातसुद्धा येणार नाहीत. आणि मी पिशव्या परत आणायच्या. शनिवारच्या आत. मॅडम म्हणाल्या, "आजी, पाहुण्यांचं मी बघते. तुम्ही फक्त मासे पकडा." हसल्या नाहीत.

दुपारी बाजारात. पिशव्या हातगाडीवरून वाटल्या तेव्हा कुठे किती दिल्या ते आठवत गेले. किराणावाल्याच्या खुंटीवर दोन होत्या, काढून घेतल्या. शिवण उसवतेय, बदलून देते म्हटलं. भाजीवालीकडे एक. तीन झाल्या.

किराणावाला म्हणाला, तिसरी पण होती, तांदूळ भरून ठेवलेली. ती एक म्हातारी घेऊन गेली. तांदूळ नको म्हणाली, गोणीत ओत आणि नुसती पिशवी दे. दुप्पट दिले वर. "तुमच्या पिशव्यांना भलताच भाव आलाय आजी!"

मी तिन्ही पिशव्या काखेत घातल्या आणि घरी आले.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

तीच म्हातारी. अंडीवालीकडे, चपला दुरुस्त करणाऱ्याकडे, गिरणीत. माझ्या आधी जाऊन घेऊन गेलेली. सगळीकडे दुप्पट. अंडीवालीने तर स्वतःची वापरातली दिली, अंडी टोपलीत ठेवून. कशी होती विचारलं तर म्हणाली, तुझ्याएवढीच, एक हात गळ्यात बांधलेला, आणि नखं निळी, खालपर्यंत निळी, घासून न जाणारी. "तुझी बहीण का गं? तीही तुझ्यासारखी चावते बोलताना."

घरी येऊन निळी नखं म्हटलं आणि कुलूप भिंतीला टेकली. "सासूबाई."

कसली आहे विचारलं. कुलूप म्हणाली, मारत नव्हती कधी. शिवीसुद्धा नाही. तो मला मारायला लागला की त्या पलीकडच्या खोलीत जाऊन रेडिओ मोठा करायच्या. गाणी असोत, बातम्या असोत, शेतीचा कार्यक्रम असो. तो थांबला की रेडिओ बारीक. "मला अजून बातम्यांचा आवाज सहन होत नाही आजी."

मी म्हटलं, मग आता ती पिशव्या कशाला गोळा करतेय?

"त्याला दाखवायला. तिच्याकडे कुठले पैसे? घरातली दिडकी न् दिडकी त्याच्या खिशात असते. त्यानेच दिले असणार. शोधून आण म्हणाला असेल."

पटलं. मलाही तसंच वाटलं होतं. रात्री कुलूपने बटणचे कपडे परत बांधायला घेतले. मी गाठ सोडली. ती बांधायची, मी सोडायची. शेवटी म्हटलं, जाशील कुठे? रस्त्यावर तुला मागची खोली मिळणार आहे का? इथे दाराला कडी आहे, मी आहे, आणि माझ्याकडे कात्री आहे. मोठी.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज मी त्याला पाहिलं.

औषधाच्या दुकानात एक पिशवी राहिली असेल असं वाटलं, म्हणून सकाळीच गेले. होती. काउंटरखाली, खोकल्याच्या बाटल्या भरलेली. रिकामी करून घेतली, घडी घातली, माझ्या पिशवीत बटाट्यांवर ठेवली. बाहेर आले तर टेम्पो उभा. निळी ताडपत्री, कुलूपने सांगितली तशी. आणि तो, हनुवटीवर भाजल्याचा डाग.

मला वाटलं होतं राक्षस असेल. कसला राक्षस! केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. खोका खाली ठेवून माझ्याकडे आला.

"आजी, द्या इकडे. पलीकडे नेऊन देतो."

आणि हात पुढे. माझी पिशवी उघडी. घडीतून एक शेपटी बाहेर आलेली, आणि तिच्यापुढे तो मेला एकटा डोळा. मी कोपराने झाकलं. माझी जीभ, ती काही माझी नोकर नाही. बोलून गेली — "राहू दे. फुटायची वस्तू आहे. तुझ्या हाताला मोडायची सवय दिसते."

तो हसला, चांगला खळखळून. म्हणाला, "माझी आई अशीच बोलायची."

"बोलायची? गेली का?"

"नाही हो. जिन्यावरून पडली, हात मोडला. तेव्हापासून मुकाटच असते. बायको माहेरी गेलीय, घरात बाईमाणूस असं नाहीच."

मी म्हटलं, काळजी घे हो. आणि रस्ता ओलांडला. पलीकडे गेल्यावर चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसले.

पडली तर पडली! रेडिओ मोठा करायला दुसरा हात आहे की.

१४ ऑक्टोबर, सोमवार

हिशेब असा. चार माझ्याकडे, चार तिच्याकडे. नववी कुठेच नाही. गाडी घेऊन सगळी दुकानं पालथी घातली, मासे सोडून बाकी सगळे प्राणी सापडले.

इकडे मॅडमची तालीम. पाहुण्यांपुढे मी दोन मिनिटं बोलायचं. चौकोनांवर. मी म्हटलं, चौकोनांचं मला काय कळतं. मॅडम म्हणाल्या, पिशवीचं सांगा.

मग उभं राहून सांगितलं. प्लॅस्टिक गटारात अडकतं. गटार तुंबलं की पाणी साचतं, डास होतात. पोराला ताप येतो. पोर तापाने फणफणलं की आईचा रोज बुडतो. रोज बुडाला की ती नवऱ्यापुढे हात पसरते, आणि पसरलेल्या हातावर काय पडतं ते मागच्या खोल्यांत येऊन बघा. ही उसवत जाणारी शिवण आहे. एक टाका सुटला की पुढचा सुटतो. तुम्ही त्याचे सतरा तुकडे करून सतरा रंग दिलेत, आम्हाला ते एकाच बाईच्या अंगावर दिसतं. म्हणून आम्ही शिवायला तिच्यापासून घेतो. तिला कात्री दिली, यंत्र दिलं, पोराला पाळणाघर दिलं, की तीच पिशवी शिवते, आणि गटार मोकळं होतं. जगाचं बघायला आम्ही गेलो नव्हतो. आमच्या गल्लीचं बघितलं, जगाचं आपोआप थोडं झालं.

पाळणाघरातल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मॅडमनी डोळे पुसले. मला मात्र बोलताना एकच दिसत होतं. जी पिशवी शिवून बाई सावरते म्हणतोय, तीच पिशवी कुलूपच्या गळ्याशी आलीय. हे भाषणात नव्हतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आली. समोरच्या बसथांब्याच्या बाकावर सकाळपासून बसलेली. हात गळ्यात, काखेत घडी केलेले मासे. बस येतात, जातात, ही उठत नाही. नजर आमच्या दारावर.

कुलूप आणि बटणला मागे कोंडलं. मी केरसुणी घेऊन रस्ता झाडायला निघाले. झाडत झाडत बाकापर्यंत. जवळून बघितलं. नखं खरंच निळी. डोळे असे की किती दिवस झोपली नसेल कोण जाणे. मला काय त्याचं. म्हटलं, पाय उचल, केर काढायचाय.

तिने पाय उचलले. मग हळूच विचारलं, "त्या माशांच्या पिशव्या तुम्हीच करता ना?"

"करतो. मग?"

"किती केल्या?"

"तुला काय करायचंय?"

"एकूण किती, तेवढं सांग बाई. दुसरं काही विचारत नाही."

वा! म्हणजे शेवटची मिळाली की ढीग नेऊन लेकापुढे ठेवणार, आणि म्हणणार हे बघ, सगळा पत्ता लागला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं हिला असं पळवते की टाचा झिजतील.

"शंभर," मी म्हटलं. "गावभर गेल्यात. बस शोधत."

मला वाटलं भांडेल. शंभर, असं ती नुसतं ओठांतल्या ओठांत म्हणाली. मग उठली, बाकाला धरून धरून, आणि बाजाराच्या दिशेने चालायला लागली.

मी रस्ता झाडून पुरा केला. छान वाटत होतं. लिहून ठेवते — छान वाटत होतं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज पिशव्या कापता कापता कुलूपला शनिवारचं सांगितलं. आधी नव्हतं सांगितलं, कशाला घाबरवा. आता धोका टळल्यासारखा वाटला म्हणून तोंड सुटलं. पिशवीत शेपटी कशी दिसत होती, तो कसा हसला, सगळं. आईचं सांगितलं, जिन्यावरून पडली ते.

कुलूपचं यंत्र थांबलं.

"कुठल्या जिन्यावरून?"

"मला काय माहीत, तुमच्या घराच्या."

"आमचं घर तळाला आहे. रस्त्याला लागून. आमच्याकडे जिनाच नाही आजी."

बटण बटणं मोजत होती.

एवढी वर्षं या दारात काढली. इथे येणारी प्रत्येक बाई आधी जिन्यावरूनच पडलेली असते. नाहीतर न्हाणीत घसरलेली. आणि मी, जी हे झोपेतसुद्धा ओळखते, त्याच्या तोंडून ते ऐकून घेतलं आणि बटाटे घेऊन घरी आले!

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

झोप नाही. एकच प्रश्न कुलूपच्या तोंडात, माझ्याही. म्हातारीकडे चार पिशव्या आहेत. आमचं दार तिने बघितलंय. मग तो आला का नाही अजून? तिने त्याला सांगितलं का नाही?

कुलूप म्हणते, सांगेल. वेळ बघत असेल. ती बाई कधीच माझ्या बाजूने नव्हती, आज कुठून येईल? हात मोडला म्हणून माणूस बदलत नाही.

खरं आहे. मीही एरवी हेच म्हटलं असतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

टेम्पोचा दिवस. तरी बाजारात गेले. त्याला टाळून, गल्ल्यांतून. म्हातारी सापडली तर नुसता आकडा सांगायचा होता, खरा. पुढचं पुढे.

नाही सापडली. अंडीवाली म्हणाली, तीन दिवस वेड्यासारखी फिरत होती. ज्याच्या त्याच्या पिशवीत डोकावायची. कुणाचीही पिशवी दिसली की मागे लागायची. पोरं मागून ओरडायला लागली — मासेवाली, मासेवाली. काल एका गिऱ्हाईकाच्या पिशवीला हात घातला, चोर समजून त्याने ढकललं. कठड्यावर पडली. कपाळ फुटलं. उठली आणि परत शोधायला लागली.

"कसली पिशवी शोधते गं एवढी?" अंडीवालीने विचारलं.

मी म्हटलं, माझी जीभ शोधतेय. तिला कळलं नाही. नाही कळलं तेच बरं.

टेम्पो दुपारी गेला. त्याने काही पाहिलं की नाही, कोण सांगणार. नववी अजून बाहेर आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

नवी भांडी, नवे पडदे, टेबलावर पांढरं कापड. उद्याचं सगळं झालं. सजावटीला कॉलेजातल्या दोन पोरी आल्या होत्या, त्या कपाट उघडून पिशव्या मांडत होत्या. मी नळ दुरुस्त करणाऱ्याच्या मागे होते, नीट पाहिलं नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

नववी सापडली. कुठे? जगाच्या टेबलावर!

पाहुणे आले, चार जण. दोघींच्या गळ्यात कॅमेरे. एक उंच बाई होती त्यांची मुख्य, तिचं बोलणं एक मुलगी आमच्या भाषेत सांगत होती. पाळणाघर बघितलं, वर्ग बघितला, माझी कडी बघितली. मी दोन मिनिटं बोलले. बरं झालं म्हणतात. मग ती उंच बाई पिशव्यांच्या टेबलाशी गेली, आणि एक पिशवी उचलून हसायला लागली. मासा इकडे, डोळा तिकडे. बघा बघा, म्हणून सगळ्यांना दाखवलं. कॅमेरे वर झाले. मुलगी सांगत होती — या बाईंना ही फार आवडली, हिचा फोटो जगभर जाईल, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, इंटरनेटवर.

नमुना म्हणून आधीच कुणीतरी कपाटात ठेवली होती. त्या पोरींनी काढून सगळ्यांत पुढे मांडली. एवढे दिवस मी गाव पालथं घालत होते आणि ती माझ्या पाठीमागच्या कपाटात!

मॅडमचं आणि माझं एकदमच लक्ष गेलं. मॅडम लांब होत्या. मी जवळ. गेले आणि पाहुणीच्या हातातून पिशवी ओढली. ती सोडेना, तिला वाटलं मी गंमत करतेय. ओढाओढ झाली, टेबलावरचा तांब्या पडला. शेवटी हिसकली, खुर्चीवर ठेवली आणि वर बसले. दुसरं काही सुचलंच नाही. जगाच्या पाहुण्यांपुढे म्हातारी पिशवीवर बसलेली, कोंबडी अंड्यावर बसते तशी.

मॅडम पुढे झाल्या, आवाज शांत. त्या मुलीला म्हणाल्या, सांग त्यांना. हे कापड आमच्याकडे राहणाऱ्या एका बाईचं आहे. ते ज्याला ओळखू येईल त्याच्यापासून ती लपलीय. चूक आमची आहे.

मुलीने सांगितलं. उंच बाईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, गेलं सगळं, आता निधी कसला नि चौकोन कसले. तिने एकीच्या गळ्यातला कॅमेरा घेतला, मघाचे फोटो एक एक करून पुसले, आणि पडदा माझ्यापुढे धरून दाखवला. रिकामा. मग दुसरीच्या कॅमेऱ्यातलेही पुसायला लावले. जाताना ती त्या सतरा चौकोनांपाशी थांबली, माझ्याकडे वळून काहीतरी बोलली. मुलगी म्हणाली, त्या म्हणतायत की आज जे बघितलं त्याचा फोटो नसेल, पण लिहिलं जाईल. लिहू दे. बाई शहाणी होती.

सगळे गेल्यावर फोन वाजला. मी उचलला. पलीकडे कुणी बोलेना. नुसता श्वास, आणि मागे बसचा हॉर्न. मी म्हटलं, बोल बाई, इथे बाईमाणूसच आहे, घाबरू नकोस. पलीकडून ठेवला.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दार वाजलं. मी जाईपर्यंत कुलूपने फटीतून बघून उघडलंसुद्धा. म्हातारी. कपाळावर खोक, हात गळ्यात, दुसऱ्या हाताने चार पिशव्या छातीशी धरलेल्या. कुलूपकडे बघितलंच नाही तिने. मला म्हणाली, "शंभर म्हणालीस. मला चारच मिळाल्या. बाकीच्या माझ्याने गोळा होणार नाहीत. त्याच्या नजरेला एखादी पडायच्या आत हिला इथून दुसरीकडे हलवा. तेवढं सांगायला आले."

मी म्हटलं, "नऊच होत्या. पाच माझ्याकडे आहेत."

ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

कुलूप म्हणाली, "रेडिओ कुठंय?"

"विकला," म्हातारी म्हणाली. "नाहीतर पिशव्या कशाने घेतल्या असत्या?"

कुलूप दारातून बाजूला झाली.